निवाडा देवाचा, निवड माणसाची



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मुलांना एक सवय लावली असे त्यांचे विद्यार्थी सांगतात : प्रश्न अर्ध्यात सोडायचा नाही. म्हणून विषय कोणता घेता असे विचारल्यावर मी माझ्या धर्मातला सर्वांत अवघड प्रश्न घेतला. मी ख्रिस्ती आहे आणि या प्रश्नापासून मला स्वतःला सुटका नाही. देव जर न्यायाधीश असेल आणि माणूस जर खरोखर स्वतंत्र असेल, तर या दोन गोष्टी एकत्र नांदतात कशा? देवाला सगळे आधीच ठाऊक असेल तर माझ्या निवडीला अर्थ काय? आणि निवड खरी असेल, तर साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यावर अनंतकाळाचा निकाल देणारा देव दयाळू कसा?

हा प्रश्न बाहेरून आणलेला नाही, हे कल्याणात उभे राहून सांगायला मला आनंद वाटतो. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ नावाच्या बंदराचा उल्लेख केला आहे आणि तेथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींचे मत वेगळे आहे. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांबद्दल असा वाद नाही. १८६९ ते १८७३ या काळात त्यांचे प्राथमिक शिक्षण याच गावात झाले. त्यांच्याकडे आणि त्यांच्याहूनही जास्त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे मी पुढे येणार आहे.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलतो. लोकलमध्ये कधीतरी कोणीतरी तुमच्या हातात चार पानांची पत्रिका ठेवतो. तिच्यावर ज्वाळांचे चित्र असते, न्यायाचा दिवस जवळ आल्याचा इशारा असतो आणि आत्ताच निर्णय घ्या असा आग्रह असतो. ती वाटणारा माणूस मनापासून तुमचे भले चिंतत असतो, यात मला शंका नाही. पण पत्रिकेतला देव घाईत असतो. डोंबिवलीहून ठाणे येईपर्यंतच्या वेळात ज्याचा निकाल लावता येतो त्याला निर्णय म्हणणे मला जड जाते. ख्रिस्ती शिकवणीतला निवाडा समजायचा तर त्या पत्रिकेपेक्षा फार चांगला जाब विचारणारा माणूस हवा. असा माणूस आपल्यातच होऊन गेला.

त्यांचे नाव नीळकंठशास्त्री गोरे. कोकणस्थ घराणे, जन्म १८२५ सालचा, झाशीजवळचा, आणि वाढ काशीतली. १८३९ साली जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत पद्यग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली. त्याला पंडितांकडून संस्कृतातूनच तीन उत्तरे गेली. तिसरे उत्तर गोरेशास्त्र्यांचे, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, १८४४-४५ मधले. तेव्हा त्यांचे वय विशीचे.

त्या तरुण शास्त्र्याने ख्रिस्ती निवाड्याच्या नेमक्या सांध्यावर बोट ठेवले. त्यांचा आक्षेप मी माझ्या शब्दांत सांगतो. तुमचा देव प्रत्येक जीव नव्याने निर्माण करतो. त्याच्यामागे पूर्वजन्म नाही, पूर्वकर्म नाही. मग एक मूल राजवाड्यात आणि दुसरे दुष्काळात, एक डोळस आणि दुसरे आंधळे, हे कशाच्या आधारावर? आमच्याकडे देवावर पक्षपात आणि निर्दयतेचा आरोप येऊ नये म्हणून कर्माचा सिद्धांत आहे. तुम्ही तो काढून टाकलात, तेव्हा तो आरोप थेट तुमच्या देवावर येतो. बरे, या विषम सुरुवातीनंतर एकच आयुष्य, आणि त्यावर कधीही न संपणारी शिक्षा. पाप मोजके आणि दंड अमर्याद. शिवाय हा जीव चुकणार हे जाणणाऱ्यानेच त्याला घडवले. मग दोष कोणाचा?

यापेक्षा सरळ शब्दांत हा प्रश्न मराठी घरात जन्मलेल्या माणसाने कधी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

१८४८ साली, जौनपूर येथे, याच शास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. काशीतल्या सनातनी घरातल्या मुलाने असे करणे म्हणजे घरादाराचे दार आपल्या हाताने लावून घेणे होते. म्हणजे प्रश्न सुटला होता का? नाही. १८५४ मध्ये ते महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून फ्रेडरिक मॉरिस या धर्मपंडिताला अनंत शिक्षेच्या रूढ कल्पनेवर शंका घेतल्यामुळे अध्यापनाची जागा गमवावी लागली होती. काशीत गोऱ्यांना छळणारा प्रश्न लंडनच्या विद्यापीठातही माणसांना छळत होता. १८६८ साली गोऱ्यांनी कलकत्त्यात एक पुस्तिका लिहिली. विषय, अनंत शिक्षेच्या शिकवणीवरील आक्षेप आणि त्यांना उत्तरे. विसाव्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाला हा माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी उत्तर शोधतच होता, आणि आता तो दुसऱ्या बाजूला उभा होता. पंडिता रमाबाईंना ज्यांच्या विचारांनी ख्रिस्ताकडे वळवले त्यांत गोरे प्रमुख होते. १८९५ च्या ऑक्टोबरात मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्याच मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता.

गोऱ्यांच्या आक्षेपाचा पहिला भाग, जन्माच्या विषमतेचा, येशूच्या शिष्यांनीही विचारला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून जास्त पापी होती असे समजू नका, असे तो बजावतो. दुःखाचे मूळ भूतकाळातल्या अपराधात शोधण्याची वाट येशूने बंद केली. त्या जागी दुसरा सिद्धांत मात्र दिला नाही. तर्काच्या दृष्टीने ही रिकामी जागा आहे आणि गोऱ्यांना ती दिसली, हे त्यांचे मोठेपण.

मग निवाडा कशावर होणार? मत्तयाचा पंचविसावा अध्याय ख्रिस्ती मंडळींत वारंवार वाचला जातो, तरी त्यातले आश्चर्य फारसे कोणी बोलत नाही. राजा सिंहासनावर बसतो, सगळी राष्ट्रे समोर उभी राहतात, आणि तो विचारतो काय? भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र. आजाऱ्याकडे गेलात का, तुरुंगातल्याला भेटलात का. कोणत्या मंडळीचे सभासद होता हे तो विचारत नाही. उजवीकडचे लोक गोंधळून जातात, कारण आपण राजाची सेवा केली हे त्यांना माहीतच नव्हते. इथे जन्माची विषमता पुन्हा समोर येते, पण वेगळ्या अंगाने. दुष्काळात जन्मलेल्या मुलाला तू असा का जन्मलास असे कोणी विचारत नाही. राजवाड्यातल्याला विचारले जाते, तो भुकेला होता तेव्हा तू कुठे होतास? गोऱ्यांच्या आक्षेपाचे हे पूर्ण उत्तर नव्हे. पण निवाड्याचे तोंड कोणाकडे आहे ते त्यातून कळते.

स्वातंत्र्याची बाजू मांडताना चर्चने शतकानुशतके वाद घातला. त्यातला बराचसा मी सोडून देतो, कारण तो थकवणारा आहे आणि पुष्कळदा प्रेमशून्यही होता. पाचव्या शतकात पेलाजियस म्हणाला, माणूस मनात आणले तर चांगला वागू शकतो. ऑगस्टीन म्हणाला, कृपेवाचून माणसाची इच्छाच बांधलेली आहे. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले, पुढच्याच वर्षी ल्यूथरने ते खोडले. १६१८-१९ मध्ये हॉलंडमधल्या डॉर्टच्या सभेने ठरवले की तारण कोणाचे व्हायचे हे देवाच्या पूर्वनिवडीवर आहे. कॅथलिकांमध्ये जेझुइट आणि डोमिनिकन यांचे याच विषयावर इतके वाजले की १६०७ मध्ये पोपने दोन्ही बाजूंना एकमेकांना पाखंडी म्हणायचे नाही अशी तंबी दिली. हा सगळा धुरळा उडत असताना, १६१६ साली, गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि आदामाच्या निवडीपासून ख्रिस्तापर्यंतची कथा. स्टीफन्सही जेझुइटच. पण त्यांनी युरोपातला वाद इकडे न आणता कथा सांगितली, आणि ऐकणाऱ्यांना मध्येच शंका विचारू दिल्या. देव सर्वशक्तिमान असताना त्याने आदामाला चुकू का दिले, ही शंका कथेच्या ओघात आपोआप समोर येते. मराठी कानांना हा विषय सिद्धांतापेक्षा कथेतून जास्त उलगडतो, असे माझे मत आहे.

म्हणून आता एक कथा. १८९३ साल. टिळक आगगाडीने राजनांदगावला चालले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी होते. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले आणि ख्रिस्तावर आले. वॉर्डनी टिळकांना नवा करार दिला आणि भाकीत केले की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तरी दिलेल्या वचनाखातर ते वाचू लागले. हातात पेन्सिल, आवडेल त्या ओळीवर खूण. मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक सुटेना. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा झाला.

मग टिळकांनी निवडले, की वॉर्डच्या तोंडून आधीच ठरले होते? हा आपल्या विषयाचा दुसरा सांधा. सहाव्या शतकातल्या बोएथियसने तुरुंगात याचे उत्तर दिले : देवाचे ज्ञान काळाच्या आधी नाही, काळाच्या बाहेर आहे. समजा, दुर्गाडीच्या बुरुजावर उभा राहून कोणी खाडीतली होडी पाहतो आहे. तिचे वळण, पुढची वाट, दोन्ही काठ त्याला एका नजरेत दिसतात. पण त्याच्या पाहण्याने होडी चालत नाही. वल्हे मारणारा वेगळाच. गोरेशास्त्री हे ऐकून लगेच म्हणाले असते, पण बुरुजावरच्या माणसाने होडी बांधली नव्हती आणि खाडीही खणली नव्हती; तुमच्या देवाने दोन्ही केले आहे. बरोबर आहे. बोएथियसने ज्ञानाची अडचण सोडवली, निर्मितीची नाही. निर्मितीच्या अडचणीवर ख्रिस्ती माणसाकडे एकच बोलणे उरते : प्रेमाने हो म्हणणारा हवा असेल तर नाही म्हणू शकणारा निर्माण करावा लागतो, आणि त्याच्या नकाराची झळ देवाने स्वतःही सोसली, क्रूसावर. हे मानायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. मी मानतो.

टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी ऐकून लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांना ती पाने विसरता येणार नाहीत, आणि ज्यांनी वाचलेले नाही त्यांना माझी विनंती आहे की ते घरी न्या. नवरा परका झाला, जात गेली, नातेवाइकांचा आग्रह एकीकडे आणि मन दुसरीकडे. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. टिळक पत्रे लिहीत. पण तिने धर्म सोडावा अशी अट त्यांनी घातली नाही. पुढे त्या टिळकांकडे आल्या तेव्हाही सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी हे सगळे घेऊन आल्या. नवरा ख्रिस्ती, शेजारीपाजारी ख्रिस्ती, आणि त्यांच्या मधोमध आपला तांब्या जपणारी ही बाई. टिळकांचा स्वभाव तापट होता, घर चालवण्यात ते कमालीचे बेहिशेबी होते, पण या एका बाबतीत त्यांनी वाट पाहिली.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंचे मन स्वतःशीच बोलू लागले : हा जातिभेद देवाने केला की माणसांनी? उत्तर आले, माणसांनी. त्यानंतर कोणाच्याही हातचे खायला-प्यायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. क्रम पाहा. आधी शेजारणीच्या हातचे पाणी, मग धर्म. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला क्रमही हाच आहे. आणि टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ याच लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यांनी लिहिलेले अध्याय टिळकांच्या अध्यायांहून कितीतरी जास्त आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने महाकाव्य पुरे करायला घेतले, तेही कोणाच्या सांगण्यावरून नव्हे.

मी हे इतके लांबवले, कारण आजचे माझे मुख्य म्हणणे इथेच आहे. अंतिम निवाड्याची शिकवण खरी मानणाऱ्याला दुसऱ्यावर सक्ती करण्याचा अधिकार राहत नाही. देव जर माणसाला त्याच्या निवडीबद्दल विचारणार असेल, तर दरडावून करवून घेतलेल्या निवडीबद्दल तो काय विचारणार? ती त्या माणसाची नसतेच. वॉर्डचे भाकीत खरे ठरले तरी लक्ष्मीबाईंचा निर्णय टिळकांना घेता आला नाही. बायकोच्या वतीने नवराही देवापुढे हो म्हणू शकत नाही.

याविरुद्ध वागल्याचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार ख्रिस्ती साधूंना मारण्यात आले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. फ्रान्सिस्कन वृत्तांत सांगतात की ज्या ख्रिस्ती घरी ते उतरले होते तिथल्या भांडणाच्या खटल्यात त्यांना काजीपुढे नेले आणि साक्षीचा विषय धर्मावर गेला. जॉर्डेनस या डोमिनिकन साधूने त्यांना सोपाऱ्यात पुरले. पुढे ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. ठाण्याचे ख्रिस्ती लोक त्यांना हुतात्मे मानतात, मीही मानतो. पण तेवढेच सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. पुढे पोर्तुगीज आले आणि आमच्याच लोकांच्या हाती सत्ता आली. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाने हुकूम काढला की अनाथ हिंदू मुले ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात द्यावीत. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले तेव्हा इथल्या हिंदूंना हायसे वाटले, त्याचे कारण समजायला अवघड नाही. ठाण्याचा काजी काय आणि गोव्याचा इन्क्विझिटर काय, दोघेही देवाच्या आसनावर बसले होते. इन्क्विझिटरचा अपराध मला जास्त जड वाटतो, कारण ज्याच्या नावाने तो बसला त्या येशूने तलवार म्यान करायला सांगितले होते.

कॅथलिक चर्चला हे स्पष्ट शब्दांत म्हणायला ७ डिसेंबर १९६५ उजाडावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शेवटी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजोरी होता कामा नये, असे त्यात ठरले. आपल्या राज्यघटनेने १९५० पासूनच पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले होते. ख्रिस्ती माणसाने या कलमाकडे अल्पसंख्याकांची सोय म्हणून पाहू नये असे मला कळकळीने वाटते. निवाड्यावर विश्वास असेल तर ते कलम शेजाऱ्याच्याही हक्काचे आहे, आणि उद्या माझ्या मुलाने माझा धर्म सोडला तर त्याच्याही.

आता नरकाचा प्रश्न. गोऱ्यांच्या आक्षेपातला सर्वांत धारदार भाग तोच होता. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने नरकाची व्याख्या केली ती देवापासून माणसाने स्वतःला कायमचे तोडून घेण्याची अवस्था अशी. १९९९ च्या जुलैमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जमलेल्या लोकांना हेच समजावले. म्हणजे न्यायाधीश ढकलून देत नाही, आरोपीच आत येत नाही. उडाऊ पुत्राच्या दाखल्यात शेवटी थोरला भाऊ अंगणात उभा राहतो. आत मेजवानी चालू आहे, बाप बाहेर येऊन विनवतो आहे, आणि तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. पहिल्या काही शतकांत निसाच्या ग्रेगरीसारख्या संतांनी आशा धरली होती की अखेर सगळेच आत येतील. चर्चने ती आशा सिद्धांत म्हणून स्वीकारली नाही, कारण मग थोरल्या भावाचा नकार खोटा ठरतो. ती आशा बाळगायला मात्र मनाई नाही आणि मी ती बाळगतो.

आमच्यातल्या पुष्कळ घरांना आणखी एक काटा टोचतो. आजोबा-पणजोबा ख्रिस्ती नव्हते, त्यांचे काय? टिळकांनाही आई होती, आणि ती ख्रिस्ती न होताच गेली. १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाने सांगितले की ज्यांना ख्रिस्त कळला नाही पण ज्यांनी प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतला आणि विवेकाप्रमाणे वागण्याचा यत्न केला, त्यांचेही तारण होऊ शकते. काही प्रॉटेस्टंट बंधूंना हे मान्य नाही आणि त्यांच्याशी माझा वाद चालू आहे.

चर्चने आजवर हजारो माणसांना संत म्हणून जाहीर केले, म्हणजे ती देवाजवळ आहेत अशी ग्वाही दिली. नरकात अमुक माणूस आहे असे मात्र तिने एकाही नावाबद्दल जाहीर केलेले नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलही नाही. गोरेशास्त्र्यांच्या प्रश्नाचा उरलेला भाग, एकाला राजवाडा आणि दुसऱ्याला दुष्काळ का, याचे कारण माझ्या धर्मग्रंथात मला सापडलेले नाही, आणि सापडल्याचा आव मी आणणार नाही. यावर तुमच्यापैकी ज्यांना काही म्हणायचे असेल, विशेषतः ज्यांना कर्मसिद्धांतात याचे समाधान मिळते, त्यांनी आता बोलावे. अध्यक्षांनी त्यासाठी वेळ राखून ठेवला आहे.